वडिलांची बुलेट विकायची की ठेवायची?

(पत्र मोठं आहे, म्हणून नाव-गाव काढून थोडक्यात देतो.)

पत्रलेखक बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. वय ४६. वडिलांनी १९९६ साली घेतलेली बुलेट ३५० त्यांच्याकडे आहे. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, पॉइंटची (संपर्काच्या उघडझापीने ठिणगी देणारी, जुन्या पद्धतीची) गाडी. वडील चार वर्षांपूर्वी गेले, आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे. कॉलेज, बाजार आणि वर्षातून एक-दोनदा मित्रांबरोबर लांबची फेरी, सगळ्याला हीच गाडी. घरात दुसरी गाडी नाही. वर्षभरात टाकीला रंग, क्रोम, नवी सीट आणि मूळचा काढून बसवलेला मोठ्या आवाजाचा पंजाब सायलेन्सर मिळून चाळीसेक हजार रुपये गेले. डिसेंबरात मित्रांसोबत हंपीला गेले, तर सगळ्यांच्या नव्या गाड्या. हे प्रत्येक चहाच्या टपरीवर अर्ध्या तासाने पोचायचे. ‘सर, हिला आता संग्रहालयात द्या,’ असं एकाने सगळ्यांसमोर म्हटलं. एप्रिलमध्ये बीडचं लग्न लावून पत्नीसह परतताना भर उन्हात मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बंद पडली. किका मारून पाय भरून आला. पत्नी शेवटी एसटीने घरी गेल्या आणि तासाभराने गाडी एका किकमध्ये सुरू झाली. पुढे मुलीला ताप आला त्या रात्री बुलेट गॅरेजला होती, दवाखान्यात न्यायला रिक्षा शोधत फिरावं लागलं. आता पत्नी म्हणतात, गाडी काढा. पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो, बाबांची आठवण आहे, विकायची नाही. पुण्याचंच एक गिऱ्हाईक बरी किंमत देतंय. गावातला जुना मिस्त्री थकलाय. ‘मी हट्टाने जुन्याला चिकटून बसलोय का? की विकून जन्मभर हळहळेन?’ असं सरांनी विचारलंय.

सर,

तुमच्या पत्रात मी आधी एकच गोष्ट शोधली. वहिनी ‘गाडी काढा’ असं नेमकं कधी म्हणाल्या? चाळीस हजार गेले तेव्हा नाही. हंपीला गेलात तेव्हाही नाही. घाटात उन्हात उभं राहावं लागलं आणि आजारी लेकीला घेऊन रिक्षा शोधावी लागली, त्यानंतर म्हणाल्या. या दोन्ही वेळी अडलं कशामुळे? घरात एकच गाडी, तीही तीस वर्षांची, आणि तुमच्याशिवाय कुणाला चालवता न येणारी. वहिनींचा राग बुलेटवर आहे असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं त्यांना घरात भरवशाची एक गाडी हवी आहे, आणि ती मिळायची वाट बुलेटने अडवून धरली आहे. विकू की ठेवू हा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणून पहिला सल्ला बुलेटबद्दल नाहीच. एक वापरलेली, बऱ्या अवस्थेतली स्कूटर घ्या आणि ती वहिनींच्या नावावर घ्या. टाकीच्या रंगाला आणि क्रोमला पैसे निघाले तसे यालाही निघतील. कॉलेज, भाजी, दवाखाना, शिकवणी हे सगळं तिच्यावर जाऊ द्या.

यात बुलेटचंही भलं आहे. घर ते कॉलेज असं चार-पाच किलोमीटरचं जाणं-येणं या इंजिनाला मानवत नाही. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, आत साठलेली वाफ ऑइलमध्ये राहते, बॅटरी पुरती चार्ज होत नाही. रोज थोडी थोडी चालवली म्हणजे गाडी चांगली राहते, हा समज बुलेटवाल्यांत घट्ट बसलाय. आठवड्यातून एकदा सकाळी तीस-चाळीस किलोमीटर सलग चालवणं त्यापेक्षा कितीतरी बरं. (माझ्याकडेही एक म्हातारी येझदी आहे, तेव्हा मी अगदी निःपक्ष नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.)

आता घाटाकडे येऊ. ‘गाडी म्हातारी झाली’ असा निकाल तुम्ही देऊन टाकलाय, पण पुरावा उलटा आहे. तापल्यावर बंद पडली आणि थंड झाल्यावर एका किकमध्ये सुरू झाली. ज्या इंजिनाचं आयुष्य संपलंय ते असं वागत नाही. अशा वेळी संशय तिघांवर घ्यायचा, आणि तिन्ही रस्त्याच्या कडेला तपासता येतात.

गाडी बंद पडल्या पडल्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीला नुकताच रंग दिलाय, म्हणून हे आधी बघा. रंगवाल्यांच्या हातून हे भोक हमखास बुजतं. तसं नसेल तर झाकण घट्ट लावा, प्लग काढा, कॅपमध्ये बसवून प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी असेल तर पॉइंटचं झाकण काढून बघा. किक मारताना पॉइंटवरच चरचर ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर गेलाय. करंगळीच्या पेराएवढी ही वस्तू थंड असताना काम करते आणि तापली की दगा देते. इग्निशन कॉइलही असाच छळ करते. तिसरा संशय पिस्टनवर. बंद पडली तेव्हा किक नेहमीपेक्षा जड लागत होती का, हे आठवून बघा. जड असेल तर पिस्टन उष्णतेने फुगून बोअरमध्ये (तो ज्यात वर-खाली होतो त्या नळीत) आवळला होता आणि थंड झाल्यावर सुटला. तसं असेल तर पुढच्या फेरीआधी ब्लॉक उघडून बघायला हवा. दुसऱ्यांदा तो सुटेलच असं नाही.

कंडेन्सर असो की पिस्टन, उष्णता वाढवायची सोय मात्र तुम्हीच पैसे देऊन केली आहे. पंजाब सायलेन्सर लावला की धूर मोकळा जातो आणि हवा जास्त ओढली जाते, पण कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) जुनाच राहतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय, तक्रार तरी कुणाकडे करणार! इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरवर मिश्रण आणखी हलकं होतं. वर एप्रिलचं ऊन, घाटाची चढण, दोन माणसं आणि लग्नाच्या बॅगा. ३४६ सीसीचं लोखंडी ब्लॉकचं इंजिन, त्याला थंड करायला फक्त वारा, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वारा तरी किती लागणार? मूळचा सायलेन्सर परत लावा, मेन जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघा. विटकरी-तपकिरी आला की जमलं, पांढरट आला तर अजून तापतेय.

इथेनॉलचं आणखी एक. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला नरम करतं. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. पेट्रोलची नळी जुनी असेल तर आजच बदला. ज्यांच्याकडे येझदी, राजदूत, जुनी यामाहा आहे, त्यांनाही हे लागू.

चाळीस हजारांचा हिशेब तुम्ही दिलात, त्यात वायरिंग नाही, टायर नाही, ब्रेक लायनर नाही, चेनसेट नाही. जे दिसतं त्यावर खर्च झाला, जे गाडीला चालवतं आणि थांबवतं त्यावर नाही. तुम्हाला दोष देत नाही, जुन्या गाडीच्या नव्वद टक्के मालकांची यादी अशीच असते. आता वही घाला आणि दोन रकाने पाडा. एकात नेहमीचा खर्च, ऑइल, प्लग, केबल. दुसऱ्यात वर्षानुवर्षं मागे पडलेला. हा दुसरा रकाना एकदा भरून काढला की पुढची पाच-सात वर्षं तो फारसा उगवत नाही. ‘ही गाडी खर्च थांबूच देत नाही’ असं वाटतं, ते बहुतेक वेळा हे दोन रकाने एकत्र मोजल्याने. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो, तोही वाचा: २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर लांबच्या फेरीवर नेऊ नये.

मित्रांचं काय करायचं? ते नव्वद-शंभरने जातात. तुमची बुलेट साठ-पासष्टला मजेत चालते. कागदावर १८ हॉर्सपॉवर, चार गिअर, लांब स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची लांब ये-जा. ७० मिलिमीटरचा बोअर आणि ९० चा स्ट्रोक असलेलं हे इंजिन शर्यतीसाठी बनवलेलंच नाही. हंपीला तुम्ही मागे राहिलात यात गाडीची चूक नव्हती. मित्रांच्या वेगाने आखलेली सहल तुम्ही मान्य केलीत, आणि मग त्यांना गाठायला तिला ऐंशी-पंच्याऐंशीला पळवत राहिलात. पुढच्या वेळी दीड तास आधी निघा आणि जेवायला एकत्र भेटा. नाहीतर एकटे जा, किंवा वहिनींना घेऊन जा, पण त्यांना विचारून. उजाडता निघायचं, अकराच्या आत सावली गाठायची, चारनंतर पुन्हा. लातूर, औसा, उमरगा करत नळदुर्गला जा. औशाचा भुईकोट किल्ला वाटेवरच आहे, आणि बोरी नदीला पाणी असलं की नळदुर्गचा पाणीमहाल बघण्यासारखा असतो. किंवा धारूरला जाऊन किल्ला बघून परत या. सोलापूर-धुळे महामार्ग या गाडीसाठी फार रुंद आणि फार घाईचा झालाय. मागून येणारा ट्रक तुमच्या साठच्या वेगाचा विचार करत नाही.

रात्री मात्र चालवू नका, विशेषतः नोव्हेंबर ते मार्च. उसाने भरलेली जोड ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि तुमच्या हेडलाइटचा उजेड पिवळट. आपल्या भागातल्या प्रत्येक गावाला हे अपघात माहीत आहेत. पावसाळ्यात खोदून ठेवलेल्या रस्त्यावर काळ्या रानाची माती मडगार्ड आणि टायरमध्ये अशी गच्च बसते की पुढचं चाक फिरायचं थांबतं. तेव्हा डांबर सोडू नका.

आता तुमच्या पत्रातला एक परिच्छेद, जो मी वर थोडक्यात देताना मुद्दाम मागे ठेवला. तक्रारी तुम्ही तुटक लिहिल्यात, पण किक मारण्याबद्दल लिहिताना तुमचं वाक्य चांगलं लांब झालंय. चावी फिरवली की अँमीटरची (विजेचा प्रवाह दाखवणारी) सुई एका बाजूला कलते, हळू हळू किक दाबत ती मधोमध आणायची, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) ओढून किक आणखी जराशी खाली न्यायची, सोडायची, आणि मग एकच पूर्ण किक. आणि पुढे तुम्ही सहज लिहिलंय की अकरावीतल्या मुलीला हे जमतं. तुमच्या हातून दोन किका वाया गेल्या की ती येऊन म्हणते, ‘पप्पा, सुई मध्ये आली नव्हती.’ सर, तुम्ही ‘हट्ट’ म्हणताय ते मला इथे दिसत नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी कान आणि डोळे लावून एखादं यंत्र समजून घेतेय, आणि चुकलं तर बापाला सांगतेय. नवी गाडी बटण दाबून सुरू होते, ती फार सोयीची असते, पण तिच्यापाशी असं संभाषण होत नाही. जुनी गाडी बाळगण्याचा फायदा विचारलात, तर ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी कमाई.

दुसरी कमाई रस्त्यावरची. येरमाळ्याला किंवा केजला टपरीवर ही गाडी लावा, दहा मिनिटांत कुणीतरी म्हातारा येऊन ‘कितवं मॉडेल?’ विचारेल आणि मग स्वतःच्या सासऱ्याच्या, नाहीतर गावच्या डॉक्टरच्या बुलेटची गोष्ट सांगेल. दर वेळी ऐकायची तयारी मात्र हवी. घाईत असाल तर गाडी टपरीमागे लावा.

मिस्त्री थकलाय, ही मला पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट वाटली. सुटे भाग मिळतील. या इंजिनाची रचना कित्येक दशकं जवळपास तशीच राहिली, त्यामुळे बाजारात भाग भरपूर आहेत, डुप्लिकेटही भरपूर. पॉइंट, कंडेन्सर आणि केबल यांत पैसे वाचवू नका. पण टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हाताला किती सैल लागले पाहिजेत, ठिणगीचं टायमिंग कुठे धरायचं, हे त्या माणसाच्या बोटांत आहे आणि त्याचा मुलगा, तुम्हीच लिहिलंय, मोबाइल दुरुस्त करतो. मिस्त्री तुम्हाला म्हणाला, ‘गाडी चांगली हाय सर, तुमी कवा टाइम द्यायलाव तिला?’ त्याला तो टाइम द्या. महिन्यातून दोन रविवारी सकाळचे दोन तास त्याच्या गॅरेजवर बसा, काम तुमच्या हाताने करा, त्याने फक्त सांगायचं, आणि त्या शिकवण्याचे त्याला रोख पैसे द्या. शिक्षक आहात, शिकवणीची फी समजावून सांगायची गरज नाही. मुलीला न्या. फोनवर चित्रण करा. टॅपेट, पॉइंटची फट, क्लच केबल, चेनलॉक आणि टायर काढून ट्यूब बदलणं, एवढं हाताला बसलं तरी रस्त्यावर अडायचे बहुतेक प्रसंग मिटतात. ट्यूब आणि टायर-लिव्हर सोबत ठेवाच, महामार्गावरच्या पंक्चरवाल्यांना आता ट्यूबलेसची सवय झाली आहे. त्या पिशवीतच एक पॉइंट-कंडेन्सरचा जोड टाका.

भावाबद्दल थोडं कडक बोलतो. आठवण त्यांचीही आहे, मान्य. पण आठवण जपायची तुम्ही, घाटात ढकलायची तुम्ही, आणि विकायची नाही हे ठरवणार ते, असं कसं चालेल? हे बोलायची संधी कागदपत्रंच आणून देतात. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तुम्हाला चार वर्षं झाली. मृत माणसाच्या नावावरचा विमा अपघाताच्या वेळी किती वाद घालेल, याचा विचार करा. शिवाय १९९६ ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ते यंदा २०२६ मध्ये येतंय. तपासणी होईल, पर्यावरण कर वेगळा, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क २००० रुपये आहे. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटी नसेल तर तीही बसवून घ्या. नाव बदलताना बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, म्हणजे भावाची सही हवी. सही घ्यायला पुण्याला जाल तेव्हा वही सोबत न्या, मागे पडलेल्या खर्चाचा रकाना दाखवा आणि निम्मे मागा. दिले तर गाडी दोघांची, दिवाळीत आले की त्यांनीही चालवावी. नाही दिले, तर निर्णय तुमचा एकट्याचा, हे तिथेच बसून ठरवून घ्या.

हे सगळं केल्यावरही विकावीशी वाटली तर खुशाल विका. गुडघा किक मारू देत नसेल, रविवारी गॅरेजवर जायचं जिवावर येत असेल, किंवा स्कूटर आल्यावर महिना महिना बुलेटची आठवणही होत नसेल, तर ती दुसऱ्याकडे गेलेली बरी. कव्हर घालून अंगणाच्या कोपऱ्यात उभी करणं मात्र नको. विकल्याचं दुःख होऊ नये म्हणून लोक असं करतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत टाकी आतून गंजते, रिंगा बोअरला चिकटतात, आणि मग गाडीही जाते, किंमतही जाते.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला सध्या एवढंच सांगा की नाव बदलायचं काम चालू आहे, त्याशिवाय त्यालाही रीतसर घेता येणार नाही. तोवर तुमचं मन काय म्हणतंय ते कळेल. दिलीतच, तर रोख रकमेच्या घाईत नुसत्या सह्या करून चावी देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून, त्याच्या ओळखपत्राची प्रत घेऊन, हस्तांतराचा अर्ज आरटीओत दाखल झाल्याची पावती हातात आल्यावरच गाडी सोडा. नाहीतर तो पुण्यात सिग्नल तोडेल आणि ई-चलन तुमच्या मोबाइलवर येईल.